ठिणगीचा शोर

मागच्या महिन्यात मोटरसायकलचा प्लग बदलायला गॅरेजवर गेलो होतो. चाचांनी जुना प्लग काढून माझ्या हातात दिला. काजळी पुसली तर पांढऱ्या चिनीमातीवर काही अक्षरं आणि आकडे छापलेले दिसले, त्यांत एक इंग्रजी ‘आर’. शिक्षकाची सवय जात नाही. विचारलं, “चाचा, हा आर कशाचा?” चाचा सहज म्हणाले, “सर, आर म्हणजे रेसिंग. ह्याने पिकअप चांगला मिळतो.”

खरं तर तो आर म्हणजे रेझिस्टर. प्लगच्या पोटात, चिनीमातीच्या आत, साधारण पाच हजार ओहमचा एक छोटा रोधक बसवलेला असतो. त्याने गाडीचा वेग वाढत नाही की मायलेज सुधारत नाही. गाडीच्या मालकाला त्याचा थेट फायदा जवळजवळ काहीच नाही. तो आहे रस्त्याकडेच्या घरात रेडिओ लावून बसलेल्या माणसासाठी. ज्याची गाडी आहे त्याने, ज्याची नाही त्याच्यासाठी, आपल्या इंजिनात एक वस्तू बाळगायची, हे जगाने कधीतरी बसून ठरवलं. ते कसं ठरलं, त्याची ही हकीकत.

आमच्या घरी रात्री अब्बा शॉर्टवेव्हवर बीबीसी उर्दूचं ‘सैरबीन’ लावायचे. आवाज मुळातच लाटांसारखा वर-खाली व्हायचा, त्यामुळे घरात कोणी भांडं वाजवायचं नाही असा दंडक होता. नेमकी तेव्हाच गल्लीतून स्कूटर जायची. रेडिओतून टर्रर्र असा आवाज उठायचा, स्कूटर जवळ येईल तसा वाढायचा, लांब जाईल तसा विरायचा आणि जाताना बातमीतलं अर्धं वाक्य घेऊन जायचा. अब्बा नुसते रस्त्याकडे बघायचे. स्कूटरवाला भला माणूस होता. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पहिला तोच उभा राहायचा. आपण कोणाची हकतलफी करतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्या इंजिनाचा हा शोर त्याला ऐकूच येत नव्हता, कारण ऐकण्याचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं, आमच्याकडे होतं.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. बॅटरी असते 6 किंवा 12 व्होल्टची. तेवढ्याने ठिणगी पडत नाही. म्हणून इग्निशन कॉइलमधून प्रवाह सोडायचा आणि तो अचानक तोडायचा. जुन्या गाड्यांत हे काम सीबी पॉइंट करायचा. प्रवाह तुटला की कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात दहा-पंधरा हजार व्होल्ट उठतात, ते जाड वायरीतून प्लगपर्यंत जातात आणि प्लगच्या टोकाशी असलेली फट ओलांडून उडी मारतात. ही उडी पहिल्या क्षणी अतिशय तीव्र असते. सेकंदाच्या अब्जांश भागांत प्रवाह शून्यावरून कित्येक अँपिअरवर जातो. आणि विजेचा प्रवाह असा झटक्याने बदलला की आसपासच्या अवकाशात रेडिओलहरी पसरतात. कॉइलपासून प्लगपर्यंतची ती अर्धा-एक मीटरची वायर मग अँटेनाचं काम करते.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा एक लहानसं प्रक्षेपण, आणि तेही एका ठराविक वारंवारितेवर नाही. मध्यम लहरींपासून टीव्हीच्या पट्ट्यापर्यंत आणि त्याच्याही वर, सगळीकडे थोडं थोडं.

गंमत अशी की रेडिओचा जन्मच ठिणगीतून झाला. 1887-88 मध्ये हाइनरिश हर्ट्झने जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे ठिणगी पाडूनच विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या. मार्कोनीचे ट्रान्समीटर ठिणगीचेच होते. 1912 साली टायटॅनिकवरून मदतीची हाक गेली तीही ठिणगीयंत्रातून. योगायोग बघा, त्याच 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगची बॅटरी-कॉइलवर चालणारी प्रज्वलन व्यवस्था होती, आणि पुढची साठ वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या थोड्याफार फरकाने त्याच पद्धतीवर चालल्या. ठिणगीचे ट्रान्समीटर मात्र फार टिकले नाहीत. एक बोलू लागला की सगळ्या पट्ट्यावर तोच, बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा त्यांचा कारभार होता. 1927 च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं ठरलं. समुद्रावरची ठिणगीयंत्रं अशी कागदावर निकालात निघत होती, आणि त्याच वेळी रस्त्यावर लाखो नवी ठिणगीयंत्रं चार चाकांवर धावत होती. त्यांना कोणी ट्रान्समीटर म्हणत नव्हतं एवढंच.

पहिली तक्रार कोणाची असावी? मोटारवाल्यांचीच. 1930 मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विनने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला, त्याचं नाव मोटोरोला. त्या काळात मोटारीत रेडिओ बसवायचा म्हणजे प्रत्येक प्लगवर रोधक लावण्यापासून सुरुवात व्हायची, नाहीतर गाण्याऐवजी स्वतःच्याच इंजिनाचा ताल ऐकत बसावं लागे. म्हणजे उपाय तेव्हापासून माहीत होता आणि स्वस्तही होता. ज्याला स्वतःच्या गाडीत गाणी ऐकायची तो खर्च करत होता. पण शेजारच्या घरातल्या माणसाला ऐकायचं असेल तर खर्च कोणी करायचा?

हा प्रश्न फक्त मोटारींचा नव्हता. ट्राम, विजेच्या मोटरी, घरगुती यंत्रं, दवाखान्यातली विद्युत उपकरणं, सगळेच रेडिओत खरखर घालत होते. युरोपात देश लहान आणि सरहद्दी जवळ. एका देशाने कडक नियम केले आणि शेजाऱ्याने केलेच नाहीत, तर कडक नियमांच्या देशात शेजाऱ्याचा माल विकता येणार नाही. प्रत्येकाने वेगळे नियम केले तर व्यापारच अडेल. शिवाय लहरींना सरहद्द कळत नाही. म्हणून 1933 मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग आणि आंतरराष्ट्रीय प्रसारण संघ यांनी बैठक बोलावली, आणि रेडिओतल्या व्यत्ययासाठी एक खास समिती नेमली. तिची पहिली सभा जून 1934 मध्ये पॅरिसलाच भरली. समितीचं नाव फ्रेंच आणि लांबलचक आहे. जग तिला आद्याक्षरांवरून ‘सिस्पर’ म्हणतं. नव्वद वर्षांनंतरही ती काम करते आहे.

या समितीचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे तिचं मोजमाप. शोर किती हे ठरवायचं तर आधी तो मोजायचा कसा, यावर एकमत हवं. साधा मीटर सरासरी दाखवतो. ठिणगी क्षणभराची, त्यामुळे तिची सरासरी जवळजवळ शून्य येते. मीटर म्हणेल, तक्रार खोटी आहे. उलट सर्वोच्च टोक मोजणारा मीटर लावला तर दिवसातून एकदा होणारी खट् आणि सेकंदाला शंभरदा होणारी टर्रर्र त्याला सारखीच. माणसाच्या कानाला मात्र त्या सारख्या नाहीत. एखादी खट् माणूस सोडून देतो, सतत चालणारी सहन होत नाही. म्हणून समितीने असा मीटर ठरवला की त्याचा काटा झटकन चढतो आणि सावकाश उतरतो. ध्वनिप्रसारणाच्या लहरींसाठी चढायला साधारण एक हजारांश सेकंद आणि उतरायला 160 हजारांश. पुढे टीव्हीच्या पट्ट्यासाठी उतरण्याचा काळ 550 हजारांश झाला. धक्के विरळ असतील तर काटा मधल्या वेळात खाली येतो आणि आकडा लहान दिसतो. धक्के दाट असतील तर काटा उतरायच्या आत पुढचा धक्का येतो आणि आकडा वर राहतो. ऐकणाऱ्याचा वैताग म्हणजे काय, हे इंजिनिअरांनी एका कपॅसिटरमध्ये आणि दोन रोधकांत बसवून दाखवलं. आज प्रयोगशाळेत संगणकीकृत रिसीव्हर आहेत, पण त्यांच्या आतही हीच मोजपट्टी गणिताने उतरवलेली असते.

मोटारीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो टीव्हीमुळे. 2 नोव्हेंबर 1936 रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचं नियमित दूरचित्रवाणी प्रसारण सुरू झालं. चित्र 45 मेगाहर्ट्झवर, आवाज 41.5 वर. इंजिनाच्या वायरी ज्या लहरी जोमाने फेकतात, त्यांत हा पट्टा नेमका येतो. त्यात ब्रिटिश पद्धत अशी की संकेत जितका जोरदार, तितकं चित्र उजळ. मग रस्त्यावरून गाडी गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. आपल्याकडच्या पद्धतीत हे उलटं होतं, जोरदार संकेत म्हणजे काळं. त्यामुळे दूरदर्शनवर दिसायचे ते बहुधा काळसर ठिपके आणि तुटक रेघा. माझ्या वयाच्या लोकांना त्या ‘मुंग्या’ आठवत असतील. आम्ही छतावर जाऊन अँटेना फिरवायचो. दोष बहुतेक वेळा कमजोर सिग्नलचा, पण कधीकधी खाली उभ्या असलेल्या चालू स्कूटरचाही असे.

महायुद्धात बीबीसीचा टीव्ही बंद होता. 1946 मध्ये तो परत सुरू झाला आणि तक्रारीही परत आल्या. सिस्परचं कामही त्याच वर्षी लंडनच्या सभेपासून पुन्हा उभं राहिलं. ब्रिटनने 1949 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात व्यत्यय आणणाऱ्या यंत्रांवर नियम करण्याचा अधिकार घेतला, आणि 1952 मध्ये इंजिनांच्या प्रज्वलन यंत्रणेसाठी स्वतंत्र नियम काढले. अमेरिकेत मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने आपलं मानक केलं. तिथला रस्ता कायद्यापेक्षा उद्योगाच्या स्वेच्छेचा.

वाहनउद्योगाचं पहिलं म्हणणं अपेक्षितच होतं: रोधक घातला तर ठिणगी कमजोर होईल, थंडीत गाडी सुरू होणार नाही. आमचे चाचाही साधा प्लग ‘जास्त कडक’ म्हणून विकतात. पण लहरी उठतात त्या ठिणगीच्या पहिल्या झटक्यातून, आणि रोधक त्या झटक्यालाच लगाम घालतो. मिश्रण पेटायला लागणारं व्होल्टेज त्याने फारसं कमी होत नाही, कारण फट ओलांडली जाईपर्यंत प्रवाहच नगण्य असतो आणि नगण्य प्रवाहावर रोधकाचं काही चालत नाही. उडी पडली, प्रवाह उसळू लागला, की तो आडवा येतो. सायन्सच्या तासाला ओहमचा नियम शिकवताना मुलांना हे उदाहरण द्यावं असं मला नेहमी वाटतं. पुढे तांब्याच्या तारेऐवजी कार्बन मिसळलेली वायर आली आणि मग सबंध वायरच रोधक झाली.

1958 मध्ये जिनिव्हाला वाहनांच्या समान नियमांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली करार झाला. त्याखालचा 10 क्रमांकाचा नियम रेडिओव्यत्ययाचा. तो 1 एप्रिल 1969 पासून लागू आहे. त्यानंतर 20 जून 1972 रोजी युरोपीय समुदायाने ठिणगीच्या इंजिनांसाठी निर्देश काढला. त्यातली मर्यादा अशी: वाहनापासून 10 मीटरवर, 40 ते 75 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मीटरला 50 मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त क्षेत्र नको. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. 75 च्या वर, 250 मेगाहर्ट्झपर्यंत, ती मर्यादा हळूहळू 120 पर्यंत वाढत जाते. सिस्परचं वाहनांवरचं प्रकाशन, क्रमांक 12, आज 30 पासून 1000 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा धरतं.

या मानकांचे तपशील वाचायला बसलो तर मजा वाटली. गाडी मोकळ्या मैदानात उभी करायची, आसपास धातूचं काही नको. अँटेना 10 मीटरवर, जमिनीपासून 3 मीटर उंच. आधी डावी बाजू मोजायची, मग उजवी. इंजिन एकापेक्षा जास्त सिलिंडरचं असेल तर मिनिटाला 1500 फेऱ्यांवर, एकाच सिलिंडरचं असेल तर 2500 वर. पाऊस पडत असताना मोजायचं नाही, आणि थांबल्यावरही दहा मिनिटं जाऊ द्यायची. जुलैत आमच्याकडे हे मैदानी काम कोणाला सोपवलं तर बिचारा सप्टेंबरपर्यंत छत्री धरून उभा राहील! आता हे काम भिंतींना लहरी शोषणारे शंकू लावलेल्या बंद खोलीत करता येतं.

आणखी एक कलम मला शिक्षक म्हणून पटलं. कारखान्यातून लाखो गाड्या निघतात, प्रत्येक मोजता येत नाही. म्हणून मर्यादेचा अर्थ असा लावला की तयार झालेल्या गाड्यांपैकी निदान 80 टक्के मर्यादेत आहेत, याची निदान 80 टक्के खात्री देता आली पाहिजे. शंभर टक्क्यांचा हट्ट धरला असता तर कोणीच सही केली नसती.

जिथे हा शोर आवरलेला नव्हता, तिथे त्याचं काय झालं याचा एक भयंकर नमुना व्हिएतनाम युद्धात आहे. अमेरिकेच्या एसी-130 गनशिप विमानांवर ‘ब्लॅक क्रो’ नावाचं यंत्र बसवलं होतं. रात्रीच्या अंधारात, दाट जंगलाच्या छताखालून हो ची मिन्ह मार्गाने जाणारे ट्रक डोळ्याला दिसत नसत. यंत्र त्यांच्या इंजिनांच्या ठिणग्या ऐकायचं. दिवे बंद, झाडांचं पांघरूण, ड्रायव्हर श्वास रोखून बसलेला, आणि प्लग मात्र सेकंदाला कितीतरी वेळा वर सांगतोय की मी इथे आहे. आमच्या रेडिओतली ती टर्रर्र ही तीच गोष्ट. आमचं गेलं बातमीचं अर्धं वाक्य.

भारताने जिनिव्हाच्या 1958 च्या करारावर सही केलेली नाही. 1998 चा जो दुसरा करार आहे, त्यात आपण 2006 मध्ये गेलो. पण मोजमाप आपलंही सिस्परच्याच वळणाचं. वाहनउद्योगाच्या भारतीय मानकांत ‘एआयएस-004’ हे या विषयाचं, आणि 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे. पुणेकर त्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, मीही बीएडच्या वर्षात जात असे. आपण ज्या संस्थेच्या कुंपणाला वळसा घालून जातोय, तिथे गाड्यांचा न ऐकू येणारा आवाजही तपासला जातो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पुढचा इतिहास पटकन सांगतो, कारण त्यात ठिणगी मागे पडते. 1990 च्या दशकात गाडीत संगणक, एअरबॅग, एबीएस आले. मग गाडीने बाहेर शोर करू नये एवढ्यावर भागेना. बाहेरच्या शोराने गाडीचे ब्रेक बिघडू नयेत हेही बघावं लागलं. 1995 च्या युरोपीय निर्देशात दोन्ही बाजू आल्या. डिझेल गाड्या, ज्यांच्यात ठिणगीच नसते, त्याही कक्षेत आल्या. गाडीच्या आतल्या रेडिओसाठी सिस्परचं 25 क्रमांकाचं प्रकाशन वेगळं.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि चाक फिरून पुन्हा पॅरिसच्या त्या पहिल्या सभेपाशी आलं. त्यांना स्पार्क प्लग नाही, पण मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो, आणि त्याचा शोर नेमका मिडियम वेव्हवर येतो. टीव्हीच्या काळात लक्ष 30 मेगाहर्ट्झच्या वर गेलं होतं, ते परत खाली आणावं लागलं. 2020 मध्ये सिस्परने 36 क्रमांकाचं प्रकाशन काढलं, ते विजेवर आणि हायब्रीड पद्धतीने चालणाऱ्या गाड्यांच्या 30 मेगाहर्ट्झखालच्या शोराबद्दल आहे. काही कंपन्यांनी सोपी वाट धरली: शोर आवरण्याऐवजी गाडीतला एएम रेडिओच काढून टाकला. फोर्डने तसं ठरवलं आणि 2023 मध्ये निर्णय फिरवला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसमध्ये प्रत्येक नव्या गाडीत एएम रेडिओ असलाच पाहिजे, असं विधेयक आलं. तिथे वादळ-पुराच्या सूचना आजही त्यावरून दिल्या जातात. पण ही सगळी चर्चा गाडीत बसलेल्याची. रस्त्याकडेच्या घरातला मिडियम वेव्ह तिच्यात फारसा कुठे दिसत नाही.

आमच्याकडे भाच्याने यंदा इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. फार शांत चालते. मागून आली तर कळतही नाही. रात्री तो ती ओट्यावर आणतो आणि चार्जिंगला लावतो. पहिल्याच आठवड्यात अम्मी म्हणाली, “रेडिओ बिघडला वाटतं, सारखी शिट्टी मारतोय.” अब्बांचा तोच रेडिओ, आता तिच्या उशाशी असतो. मी रेडिओ हातात घेऊन घरभर फिरलो. ओट्याकडे गेलं की शिट्टी वाढायची, न्हाणीघराकडे गेलं की कमी व्हायची. भाच्याला बोलावून ऐकवलं. तो चकित झाला. “मामू, माझ्या गाडीचा आवाज? ती तर बंद आहे!” त्याने जाऊन चार्जरची पिन काढली, आणि आकाशवाणीवरची बाई एकदम स्पष्ट बोलू लागली.

सध्या असं ठरलंय की अम्मीच्या बातम्या संपल्यावर तो चार्जिंग लावतो.